खोका बांधण्याआधी

नौपाडा, ठाणे
श्रावण

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप दोनदा वाचला. मामेभाऊ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला गेलाय, आणि तुम्ही सोसायटीतली मुलंमुली मिळून दिवाळीला त्याच्यासाठी आणि त्याच्या सोबतच्यांसाठी खोके पाठवणार आहात. मनापासून आनंद झाला. वर्गणी ठरली, फराळ कुणाकडून घ्यायचा ते ठरलं, खोक्यावर तिरंगा छापायचंही ठरलं. भावाला काय हवंय, ते मात्र कुणी त्याला विचारलेलं दिसलं नाही. सुरुवात तिथून कर.

आणि विचारायचं म्हणजे "काय पाठवू?" असं नाही. त्याला एकच उत्तर येतं, "काही नको, इथे सगळं मिळतं." टपाल खात्यातून मी काही वर्षं आर्मी पोस्टल सर्व्हिसमध्ये होतो, तेव्हा जवानांच्या तोंडून हे वाक्य सतत ऐकलं. घरच्यांना खर्चात आणि काळजीत पाडायचं नाही, म्हणून ते तसं बोलतात. तू आडून विचार. लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, भात कसा असतो? खोलीत किती जण आहात? मोजे वाळतात का? मुंग्या-उंदरांचा त्रास आहे का? संध्याकाळी ड्यूटी नसली की काय करता? पाच-सात मिनिटांच्या गप्पांत तुझी यादी तयार होईल, आणि ती तुमच्या आत्ताच्या यादीपेक्षा खूप वेगळी असेल.

हे विचारून पाठवणं नवीन नाही. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने आघाडीवरच्या सैनिकांना पितळेची एक डबी भेट गेली होती. गोऱ्या सैनिकांच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी होत्या. फ्रान्सच्या चिखलात लढणाऱ्या हिंदी शिपायांसाठी मात्र वेगळा विचार झाला. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून त्यांना खडीसाखर आणि मसाल्याची छोटी डबी दिली. पाणी वाहणाऱ्या भिश्त्यांनाही मसाल्याची डबी गेली. परक्या राज्यकर्त्यांना एवढं सुचलं होतं. आपण तर घरची माणसं.

तुझा भाऊ तिथे उपाशी नाही, हे आधी मनात पक्कं कर. शांतिसेनेला संयुक्त राष्ट्रांकडून रेशन मिळतं आणि आपल्या तुकडीचा स्वतःचा लंगर असतो. पोट भरतं. राहून जाते ती चव. लंगरचा स्वयंपाक सगळ्या प्रांतांच्या जवानांना चालेल असा, बहुधा उत्तरेच्या वळणाचा. आपल्याकडच्या पोराला महिन्याभरात आमटी-भाताची आठवण यायला लागते. अशा वेळी अर्धा किलो मेतकूट जे काम करतं ते पाच किलो मिठाई करत नाही. गरम भात लंगरमधून येतोच, वर मेतकूट टाकलं की झालं. त्याच जातीच्या इतर गोष्टी म्हणजे गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, कारळ्याची कोरडी चटणी, सांडगी मिरची, मीठ लावून नीट वाळवलेली आमसुलं. हे टिकतं, फुटत नाही, आणि एक चमचा दहा जणांच्या ताटात पुरतो. मसाले वाशीच्या मसाला मार्केटमधून घेतलेस तर स्वस्त पडतील, पण मेतकूट घरीच करून घे. तुझ्या आजीच्या हातचं असेल तर त्यावर तसं लिही.

फराळाबाबत थोडं मन घट्ट करावं लागेल. चिवड्यातलं सुकं खोबरं आणि शेंगदाणे उन्हात आधी खवट होतात, तेव्हा खोबरं अजिबात घालू नका. चकली पोचेपर्यंत तिचा चुरा होतो. पाठवायचीच तर रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरणीत उभी रचा आणि मोकळ्या जागेत कुरमुरे भरा. कुरमुरेही खाल्ले जातात. करंजी नको. अनारसे नकोत. शंकरपाळे उत्तम. बेसनाचा लाडू प्रवास लांबला तर वास मारतो, डिंकाचा जरा जास्त तग धरतो. तेलातलं लोणचं कितीही घट्ट झाकणाच्या बरणीत घातलं तरी नको, कारण एक बरणी गळली की सगळा खोका जातो आणि त्याच्या शेजारची दुसऱ्यांची पार्सलंही. सुका जवळा आणि बोंबील कोकणातली पोरं हमखास मागतात. मलाही त्यांचं वाईट वाटतं, पण टपालाने ते पाठवू नयेत.

आता खोकाभर खाणं भरू नकोस. पायाला लावायची पावडर, जाड सुती मोजे, सुई-दोरा आणि बटणं, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणि चिमटे, पत्त्यांचा जोड, झिपच्या पिशव्या, चार्जिंगची केबल. पॉवर बँक, लायटर, काडेपेटी, अत्तर, डिओडरंटचा फवारा, सॅनिटायझर हे विमानाच्या टपालात चालत नाही, खोका वाटेतच अडतो. औषधंही नकोत, त्यांचा डॉक्टर त्यांच्यासोबत असतो. साबण पाठवणार असलीस तर त्याचा वेगळा खोका कर. साबणाशेजारी महिनाभर राहिलेला चिवडा साबणासारखाच लागतो, मग तो कितीही पिशव्यांत गुंडाळलेला असो. आणि दिवाळी अंक आठवणीने घाल. जुने चालतील. एक अंक आख्ख्या बराकीतली मराठी मुलं फिरवून फिरवून वाचतात, पार शब्दकोड्यासकट.

तुकडीत फक्त पुरुषच असतील असं धरून चालू नकोस. २००७ मध्ये लायबेरियात भारतातून संपूर्ण महिलांची पोलीस तुकडी गेली होती, आणि २०२३ च्या जानेवारीत सुदान आणि दक्षिण सुदानच्या सीमेवरच्या अबेईला महिला जवानांची प्लाटून, म्हणजे छोटी तुकडी, गेली. विचारून घे, आणि त्या असतील तर त्यांच्या गरजेच्या वस्तू त्यांच्या नावाच्या वेगळ्या पाकिटात बंद करून दे.

पत्ता हा सगळ्यांत नाजूक भाग. भाऊ जो पत्ता देईल तो अक्षर न अक्षर तसाच उतरव. क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट, मग मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), आणि ९ ने सुरू होणारा पिन. त्यात गावाचं नाव नसतं, देशाचंही नसतं. ते राहून गेलं असं वाटून स्वतःहून "दक्षिण सुदान" लिहू नकोस. तसं लिहिलंस की काउंटरवर ते परदेशी पार्सल ठरतं आणि भलत्याच वाटेला लागतं. फौजेच्या टपालाची वाट वेगळी आहे. ५६ च्या मागे दिल्लीचं आणि ९९ च्या मागे कोलकात्याचं मध्यवर्ती तळ टपाल कार्यालय असतं. कुठलं युनिट आज कुठे आहे हे तिथल्यांना ठाऊक असतं, आणि तेवढ्यांनाच ठाऊक असावं म्हणून ही सगळी रचना. खासगी कुरिअर या पत्त्यावर पोचत नाही, तेव्हा नाक्यावरच्या दुकानात देऊ नकोस, पोस्टातच जा. तुमच्या गटातल्या त्या मुलाचा भाऊ नौदलात जहाजावर आहे म्हणालीस. त्याचा पत्ता जहाजाचं नाव आणि फ्लीट मेल ऑफिस, मुंबई असा असतो. जहाज बंदराला लागेपर्यंत पार्सल थांबून राहतं, म्हणून त्याच्या खोक्यात खाण्याचं काहीच नको.

आपलं टपाल जवानाच्या मागोमाग देशाबाहेर जातं, याचा मला नेहमीच अभिमान वाटत आलाय. १९५३ मध्ये कोरियाला गेलेल्या आपल्या तुकडीसाठी भारताच्या तिकिटांवर "भारतीय संरक्षा कटक कोरिया" असा शिक्का छापला होता (कटक म्हणजे फौज). १९६२ मध्ये काँगोसाठी, १९६५ मध्ये गाझातल्या तुकडीसाठी नेहरूंच्या तिकिटावर, अशीच वेगळी छपाई झाली. कुणाच्या संग्रहात दिसली तर बघ.

बांधणीला वेळ दे. दोन-तीन किलोचे लहान खोके कर. मोठा एकच केलास आणि तो रखडला तर सगळंच रखडतं. पाच पदरी पुठ्ठा घे, आत हलवून बघ, काही वाजता कामा नये. बाहेरून मांजरपाट शिवून घे. हल्ली कुणी करत नाही, पण टेप उन्हाने सुटते, पावसाने सुटते, आणि स्टिकर तर पहिल्या गोणीतच घासून निघतो. कापडावर जाड मार्करने लिहिलेला पत्ता शेवटपर्यंत राहतो. दाभणाने टाके घालताना कडेला कापड दोनदा दुमड, टाका बोटभर अंतरावर आणि गाठ प्रत्येक कोपऱ्यात, म्हणजे एक टाका तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. आणि आत सगळ्यांत वर, कागदावर पत्ता पुन्हा लिहून ठेव. बाहेरचा पत्ता गेला तर पोस्टवाला आतल्या कागदावरून पार्सल पुढे लावतो.

वेळेचंही बघ. दक्षिण सुदानमधला पावसाळा साधारण ऑक्टोबरपर्यंत चालतो. काळी चिकण माती, बऱ्याच ठिकाणच्या कच्च्या धावपट्ट्या; पाऊस लागला की विमान उतरत नाही. दिवाळीचा खोका अनंत चतुर्दशी झाली की निघायला हवा. त्याहून चांगलं म्हणजे सगळं दिवाळीलाच पाठवू नका. सणाला सगळ्यांचंच काही ना काही येतं. मार्गशीर्षात, ऐन परीक्षेच्या दिवसांत तुम्ही मुलं कामात असता तेव्हा, तिकडे टपालाची गोणी रिकामी असते. वर्गणीचे तीन भाग करा आणि एक भाग त्या दिवसांसाठी ठेवा.

खोक्यात चिठ्ठी हवीच. "तुम्ही आहात म्हणून आम्ही सुखाने झोपतो" हे त्यांनी शेकडो वेळा वाचलेलं असतं. खरं असलं तरी वाचून पुढे काही उरत नाही. तू मासुंदा तलावावर संध्याकाळी काय गर्दी असते ते लिही, घोडबंदर रोडला किती तास अडकलीस ते लिही, सोसायटीच्या गणपतीत यंदा कोण रुसलं ते लिही. लहान मुलांना चित्रं काढू देत, आणि रणगाडेच काढा असं सांगू नका. "कधी येणार?" हा प्रश्न कुठल्याही चिठ्ठीत नको. त्याचं उत्तर त्याच्याही हातात नसतं.

फोटोंचं मी जरा कडक सांगतो. खोक्यांचा ढीग, हसरे चेहरे, पत्ता दिसतोय, आणि ते सगळं स्टेटसला, असं होऊ देऊ नकोस. युनिटचं नाव, पिन, कुठल्या गावात आहेत, कधी परत निघणार, यातलं काहीही कुठल्याही ग्रुपवर जायला नको. २०२० मध्ये लष्कराने आपल्या जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली होती. त्याने एवढं पाळायचं आणि माहिती आपण फोडायची, हे बरोबर नाही. तो नेमका कुठे आहे हे मलाही सांगू नकोस.

अनोळखी जवानांनाही पाठवायचं तुमच्या मनात आहे. "कुठल्याही सैनिकास" असा पत्ता चालत नाही. अमेरिकेतही असं निनावी टपाल २००१ मध्ये सुरक्षेसाठी बंद झालं. भावाला त्याच्या वरिष्ठांना विचारू दे. ते हो म्हणाले तर त्याच्याच नावावर तुकडीसाठी पाठव, नाही म्हणाले तर तिथेच थांब. उरलेले पैसे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला द्या. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो आणि त्याचा निधी माजी सैनिक, वीरपत्नी यांच्यापर्यंत पोचतो.

आणि एक काम असं आहे जे कुठल्याच खोक्यात बसत नाही. मामा-मामी कळव्याला दोघंच असतात. मामींचे गुडघे गेलेत असं तूच म्हणालीस. त्यांच्यावर कुलाब्याला, नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार होऊ शकतात, पण कळव्याहून सकाळच्या लोकलने सीएसएमटी, तिथून नेव्हीनगर, मग रांगा, हे त्या दोघांना झेपणारं नाही. तुम्ही दहा-बारा जण आहात. पाळी लावून एकेकाने सोबत जा, केसपेपर काढा, त्यांना बाकावर बसवून रांगेत तुम्ही उभे राहा. गॅस संपला, बँकेत हयातीचा दाखला द्यायचा आहे, पंपाची मोटर जळली, ही यादी मामांकडून घे. परदेशात असलेला जवान रात्री पडल्या पडल्या काळजी करतो ती घरच्या अशाच गोष्टींची. मामींना घेऊन गेलात की त्याच दिवशी त्याला कळव, डॉक्टर काय म्हणाले ते नीट सांग, आणि अहवालाची प्रत पुढच्या खोक्यात घाल.

शनिवारी संध्याकाळी घरी ये. वजनकाटा आणि दाभण माझ्याकडे आहे, मांजरपाट जांभळीनाक्यावरून तू आण, खोक्यामागे दीड मीटर पुरेल. येण्याआधी भावाशी बोलून घे आणि यादी त्याच्या शब्दांत लिहून आण.

तुझा,
पोस्टवाले काका