2 लाख 80 हजार किलोमीटर चाललेली पिकअप घ्यावी का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की 2014 ची बोलेरो पिकअप आहे, मीटरला 2 लाख 80 हजार आहेत, मालक 3 लाख 60 हजार मागतोय, तुम्हाला घरचा टोमॅटो मार्केटला न्यायचाय आणि मधल्या दिवसांत गावातली भाडी मारायचीत, आणि घरचे म्हणतायत एवढी चाललेली गाडी दारात नको. मी जुन्नर तालुक्यातला, टोमॅटो-कांदावालाच, आणि आत्तापर्यंत दोन जुन्या पिकअप घेतल्यात. त्यावरून सांगतो, किलोमीटरला घाबरू नका, त्या किलोमीटरमध्ये गाडीनं काय वाहिलं आणि कोणी चालवली ते शोधा.

साधा हिशोब लावा. 11 वर्षांत 2 लाख 80 हजार म्हणजे वर्षाला 25 हजार, महिन्याला दोन हजारच्या आसपास, धंद्याच्या गाडीला हे काहीच जास्त नाही. उलट एवढ्या जुन्या पिकअपच्या मीटरला 90 हजार दिसले असते तर मी म्हटलं असतं आधी क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, ते गुळगुळीत झालं असेल तर मीटर मागं केलेलं आहे.

माझी पहिली पिकअप 1 लाख 40 हजार चाललेली होती, एका यार्डातून घेतली, रंग एकदम चकाचक, इंजिन पण गोड. पहिल्याच सिझनला क्रेट भरून आळेफाट्याच्या पुढं आलो आणि खड्ड्यात चाक गेलं की मागून कट् कट् आवाज यायला लागला. रस्त्याच्या कडेला उभी केली, मोबाईलची बॅटरी लावून खाली वाकून बघितलं तर केबिनच्या मागं चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, वेल्डिंगची पट्टी मारलेली, त्यावर काळा रंग फासलेला, आणि त्या पट्टीच्या कडेनंच ताजी चीर गेलेली, आतलं लोखंड चमकत होतं. नंतर गॅरेजवाल्याकडून कळलं की गाडी वीटभट्टीवर होती, वीट आणि वाळू, तीही डबल लोड. इंजिन दुरुस्त होतं, कमानपाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलता येतात, पण चासी एकदा फाटली की ती गाडी परत सरळ होत नाही, ती मला पडत्या भावात द्यावी लागली आणि त्या वर्षीचा टोमॅटोचा पैसा त्यातच गेला.

दुसरी घेतली ती 3 लाख 10 हजार चाललेली. सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण ती दूध संकलनाची होती, रोज तोच रस्ता, तोच ड्रायव्हर म्हणजे मालक स्वतः, लोड कधी कागदावर मंजूर वजनाच्या वर नाही, ऑइल बदललेल्या तारखा वहीत लिहिलेल्या. दुधाच्या गाडीत पाणी सांडून हौद्याचा (मागं माल भरतात त्या भागाचा) पत्रा खालून गंजतो, तो पत्रा मी बदलून घेतला, बाकी आज तिसरं वर्ष आहे, माळशेज घाटातून कल्याणला जाते-येते, वाटेत एकदाही बंद पडलेली नाही. (मासळीवर चाललेली असेल तर मात्र लांब राहा, बर्फाचं खारट पाणी चासीच्या जोडांत शिरतं आणि आतून खातं.)

म्हणून त्या गाडीच्या मालकाला पहिला प्रश्न हा विचारा की गाडी कशावर होती. त्याच्या शब्दावर जाऊ नका, हौदा बघा. फळीच्या फटीत विटेचा लाल चुरा, वाळू, सिमेंट काहीतरी राहतंच. मग गाडीखाली जा, केबिनच्या मागचा भाग आणि मागच्या कमानीचे हँगर जिथं चासीला बसतात तिथं हात फिरवा, बाकी ठिकाणी माती आणि एकाच ठिकाणी नवा काळा रंग असेल तर तिथं नखानं खरवडून बघा. कमानीत जास्तीचा पाटा घातला असेल तर समजा ओव्हरलोड चालायची.

इंजिनसाठी सकाळी सहाला जा, न सांगता. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर त्यानं आधीच चालू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उचललं पाहिजे. चालू असताना ऑइलचं झाकण उघडा, तिथून दम मारल्यासारखा धूर जोरात येत असेल तर इंजिन बॅक मारतंय, म्हणजे आतून झिजलंय, लवकरच उघडावं लागणार. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा असेल तर पंप-नोझलचं काम, आणि गरम झाल्यावरही पांढरा थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलंय. मग 20-25 क्रेट टाकून चढावर न्या, रिकामी गाडी कुठलीही चांगलीच पळते, लोडवर क्लच घसरतो का आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) ऊं ऊं करतं का ते तिथंच कळतं. मिस्त्री तुमचा पाहिजे, त्याला 500-1000 रुपये द्या पण मालकाचा मिस्त्री नको.

कागदाचं थोडक्यात. आठ वर्षांच्या वर गेली म्हणजे पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी आणि पर्यावरण कर पण लागतो, तो भरलाय का बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून चलनं बघा. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन लगेच नावावर करा आणि 14 दिवसांत इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसी पण नावावर करा, "नंतर बघू" म्हणून कित्येक गाड्या वर्षानुवर्षं जुन्या मालकाच्या नावावर फिरतायत आणि ॲक्सिडेंट झाला की दोघंही कोर्टात. तुमच्या कारच्या लायसनचं विचारलंय, तर 7500 किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला ते चालतं, नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं तसा निकाल दिलाय.

आता पैशाचं. 3 लाख 60 हजार ही किंमत नाहीये, ती फक्त गाडी दारात आणायची रक्कम आहे. मला दुसऱ्या गाडीला पहिल्या वर्षात 85 हजार लागले, चार टायर, क्लचप्लेट, बॅटरी, मागचे बुश, हौद्याचा पत्रा, पासिंग आणि इन्शुरन्स. नुसता थर्ड पार्टीचा हप्ताच 2022 च्या दरानं 16,049 रुपये अधिक जीएसटी होता. तेवढे पैसे बाजूला ठेवून गाडी परवडत असेल तरच घ्या, सगळी जमापुंजी गाडीत घालून पहिल्या टायरला उसने मागायची वेळ आणू नका.

आणि सिझनला सव्वा टनाच्या गाडीत 100 क्रेट टाकणारे भेटतील, 20 किलोच्या क्रेटनं ते दोन टन होतं. तुम्ही 55 च्या आसपास थांबा, दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील.

चासी कोरी निघाली आणि सकाळी थंड इंजिन नीट उचललं तर मी तुमच्या जागी 2 लाख 90 पासून बोलायला सुरुवात करेन आणि सव्वातीनला थांबेन. चासीला एक जरी वेल्ड दिसला तर 2 लाखाला दिली तरी घेऊ नका. बघून आल्यावर हौद्याखालचे फोटो टाका, मी बघून सांगतो.