दोन फुटी रीफ टाकीसाठी एलईडी लाइट घरी बनवता येईल का?

विदर्भातल्या आर्वीजवळच्या गावात मऊ प्रवाळांची दोन फुटी रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांसाठीचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय आहे, लाइट घरीच जोडू का, असं विचारलंय. जरूर जोडा. ३ वॉटचे १२ एलईडी घ्या, ८ रॉयल ब्ल्यू आणि ४ कूल व्हाइट. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ निळा प्रकाश चांगला वापरतं, म्हणून निळे जास्त. सगळे एका सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडले की साधारण ४० व्होल्ट लागतात. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, तेवढे व्होल्ट देणारा, ७०० मिलिअँपिअरचा आणि कॉन्स्टंट करंटचाच (करंट कायम एकसारखा ठेवणारा) हवा. साध्या अ‍ॅडॉप्टरवर एलईडी जळतात.

पण आपली खरी अडचण मे महिन्यात. बाहेर ४५ अंश आणि प्रवाळाला पाणी हवं २५ ते २७. एलईडी थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) लावून अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या पट्टीवर बसवा, वर पंखा. दुसरा छोटा पंखा पाण्यावर तिरपा सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. तरीही २९ च्या वर राहिलं तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्रच लागेल. आटलेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणीच टाका, कारण मीठ उडत नाही. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर आधी पाण्याचा पंप, दिवे नंतर.

खारं पाणी आणि वीज जवळ आहेत, तेव्हा अर्थिंग आणि आरसीसीबीशिवाय (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) सुरू करू नका, ही कळकळीची विनंती.