समाजवाद तर केव्हाच हरला, मग मुक्त बाजारपेठेला आणि अभिजात उदारमतवादाला आज धोका कोणाचा?

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली तेव्हाच निकाल लागला, मग मुक्त बाजार आणि व्यक्तिस्वातंत्र्य मानणारे अभिजात उदारमतवादी अजून बचावाच्या पवित्र्यात का, असा तुमच्या प्रश्नाचा रोख आहे. माझ्या मते समोरचा शत्रू गेला आणि कुंपणच शेत खायला लागलं. बाजाराला आज सर्वात जास्त उपद्रव होतो तो बाजाराचं नाव घेणाऱ्यांचा.

बाजाराची बाजू घेणं आणि उद्योगपतींची बाजू घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे लोकांच्या गळी उतरवण्यात उदारमतवादी कायम कमी पडले. खरं तर एकाच धंद्यातले लोक गप्पांना जरी जमले तरी बोलणं शेवटी भाव चढवण्याच्या कटावर येतं, असं मुक्त बाजाराचा आद्य पुरस्कर्ता खुद्द अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच बजावून ठेवलं होतं. कारखानदाराला स्पर्धा हवी असते ती त्याला कच्चा माल विकणाऱ्यांमध्ये. स्वतःच्या मालाला प्रतिस्पर्धी आला की त्याला राष्ट्रहित आठवतं.

एक उदाहरण जरा जवळून बघू. व्हर्लपूल कंपनीच्या मागणीवरून अमेरिकेने जानेवारी २०१८ मध्ये आयात वॉशिंग मशीनवर जादा शुल्क लावलं: पहिल्या १२ लाख मशीनना २० टक्के, त्यापुढच्यांना ५० टक्के. मशीन महागली, हे ओघानेच आलं. गंमत पुढे आहे. कपडे वाळवायच्या ड्रायरवर एका पैशाचं शुल्क नव्हतं, तरी त्याचाही भाव जवळपास तितकाच चढला. तिथे या दोन वस्तू जोडीने घेतल्या जातात, त्यामुळे विक्रेत्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह आणि शिकागो विद्यापीठ इथल्या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला. नवे रोजगार साधारण १,८००, ग्राहकांवर वर्षाला बोजा सुमारे १५० कोटी डॉलर. सरकारी तिजोरीत आलेलं शुल्क वजा केलं तरी एका नोकरीमागे ८ लाख डॉलरच्या वर!

हे इतकं उघड नुकसान असूनही कोणी ओरडत का नाही? कारण ग्राहकाला एका वस्तूमागे ९० डॉलरच्या आसपास जास्त मोजावे लागले आणि तेवढ्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. वाढ शुल्कामुळे झाली हेही बहुतेकांना कळत नाही. ज्याच्या कारखान्याचा फायदा होतो, तो मात्र राजधानीत वकील आणि मध्यस्थ नेमून बसलेला असतो. नवे रोजगार कॅमेऱ्यासमोर दाखवता येतात. ग्राहकांनी त्या पैशातून दुसरं काय घेतलं असतं, ते कोणाला दाखवता येत नाही. मुक्त व्यापाराची ही जुनीच अडचण आहे. युक्तिवादात तो जिंकतो आणि मतदानात हरतो.

दुसरा मोठा घाव २००८ च्या आर्थिक संकटाचा. अमेरिकेने १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेला बुडू दिलं आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला ८,५०० कोटी डॉलरचा टेकू दिला. पुढच्याच महिन्यात बँकांसाठी ७०,००० कोटी डॉलरची योजना मंजूर झाली. त्याशिवाय गत्यंतर नव्हतं, असं म्हणणारे आहेत आणि कदाचित ते बरोबरही असतील. पण पाहणाऱ्याने धडा एवढाच घेतला की नफा झाला तर मालकाचा आणि तोटा झाला तर सगळ्यांचा. त्यानंतर ‘बाजार चुकणाऱ्याला शिक्षा करतो’ हे वाक्य कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आता आमच्या बाजूची दुखरी जागा. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. व्यापाराबरोबर राजकीय मोकळीकही येईल, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जात होतं. ती आली नाही. शिवाय अमेरिकेत १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे २० लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या, असा ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांच्या चमूचा अंदाज आहे. पाठ्यपुस्तकाप्रमाणे हे कामगार दुसऱ्या गावी, दुसऱ्या उद्योगात जायला हवे होते. बरेचसे गेलेच नाहीत. घर, म्हातारे आईबाप, मुलांची शाळा हे सोडून पन्नाशीचा माणूस कुठे जाणार? त्याला ‘नवं कौशल्य शिका’ म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. एकूण देशाचा फायदा झाला हे मला आजही पटतं, पण तो फायदा ज्याच्या वाट्याला आलाच नाही, त्याने सरासरीकडे बघून समाधान मानावं ही अपेक्षा उद्धट होती. अशा नाराज लोकांना पुढे ज्यांनी आपलंसं केलं ते उदारमतवादी नव्हते.

परिणाम दिसतोच आहे. २०१८ मध्ये अमेरिकेने कॅनडासारख्या मित्रदेशाच्या पोलादावर ‘राष्ट्रीय सुरक्षे’च्या नावाखाली शुल्क लावलं. पक्ष बदलला तरी धोरण बदललं नाही. २०२४ मध्ये बायडेन सरकारने चिनी विद्युत मोटारींवरचं शुल्क १०० टक्क्यांवर नेलं. अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. म्हणजे तंटा झाला तर शेवटचा निवाडा करणारंच कोणी नाही. राजकीय बाजूलाही तेच. हंगेरीचे पंतप्रधान म्हणून ओर्बान यांनी २०१४ मध्ये ‘अनुदार राज्य’, म्हणजे उदारमतवादावर न उभारलेलं राज्य, हे आपलं ध्येय म्हणून उघड सांगितलं, आणि एकेकाळी बाजाराच्या बाजूने बोलणाऱ्या अनेक उजव्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या मक्तेदारीचा प्रश्न आहेच, पण त्यावर उदारमतवाद्यांमध्येच एकमत नाही आणि तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

मग सगळं संपलं का? मला तसं वाटत नाही. न्यूझीलंडने १९८४ नंतर शेतीची जवळपास सगळी अनुदानं काढून टाकली, तीही मजूर पक्षाच्या सरकारने. दहा टक्के शेतकरी उद्ध्वस्त होतील असं भाकीत होतं. प्रत्यक्षात शेती सोडावी लागली ती साधारण एक टक्क्याला. ते निभावलं त्याची मला दोन कारणं दिसतात. संरक्षण फक्त शेतकऱ्याचं काढलं नाही, कारखानदारांचंही काढायला घेतलं, त्यामुळे त्याचा खतापासून यंत्रापर्यंतचा खर्चही उतरू लागला. आणि जे अगदीच बुडत होते त्यांच्या कर्जात सूट देऊन, बाहेर पडण्यासाठी हातात थोडे पैसे देऊन त्यांना वाट करून दिली. मदत माणसाला मिळाली, धंद्याला नाही. आज शुल्कं आणि अनुदानं वाटणारी सरकारं नेमकं याच्या उलट करताहेत.