वाचकांचे प्रश्न: धडगावच्या डोंगरात पहिलं वर्ष

प्रश्न: ताई नमस्कार, मी अमळनेरची, वय २१, यंदा बीए झालं. एका संस्थेकडून जूनपासून वर्षभरासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एका पाड्यावर स्वयंसेवक म्हणून जातेय. तिथली पावरी भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. संध्याकाळचा इंग्लिश क्लास, बायांसाठी शिवणक्लास, सगळा प्लॅन वहीत लिहून तयार आहे. पण माय म्हणते तिकडे ना रस्ता ना रेंज, नको जाऊस. सुरुवात कशी करू?

उत्तर: जा पोरी, नक्की जा. फक्त ती वही दिवाळीपर्यंत बॅगेतच राहू दे. मी तुझ्याच वयात त्या बाजूला गेले होते आणि गेल्या गेल्या रात्रीचा वर्ग काढला, ऑक्टोबरमध्ये, पंचवीस-तीस पोरं यायची, मला वाटलं जमलं सगळं. दिवाळी झाली आणि आठवड्याभरात पाच पोरं उरली. बाकीची आईबापासोबत गुजरातला ऊसतोडीला गेली होती. हे पाड्यावरच्या कोणीही सांगितलं असतं, पण मी विचारलंच नव्हतं, आणि ज्यांनी मला पाठवलं त्यांनीही सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्या पोरांची पाटी अर्ध्यावर राहिली.

म्हणून आधी तिथलं वर्ष बघ. तू जाशील तेव्हा पेरणी चालू असेल, कोणाला बसून बोलायला वेळ नसतो, तर तूही शेतावर जा. पाऊस वाढला की ओढे वाट अडवतात, चांदसैली घाटात दरड आली की रस्ताच बंद, आणि आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून खांद्यावर खाली आणावं लागतं. ते एकदा डोळ्यांनी बघितलंस ना, की गावाला आधी काय हवंय ते कोणी वेगळं सांगायला नको. मग दिवाळीनंतर स्थलांतर, होळीला माणसं परत, त्याच सुमारास मोहाची फुलं गळायला लागतात तर बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघतात, आणि नंतर कैऱ्या सोलून वाळवून आमचूर करायचं काम, दारोदार तेच. आता यात शिवणक्लास कुठे बसतो ते त्या बायांनाच विचार, कदाचित बसेल, कदाचित त्यांना दुसरंच काही हवं असेल.

अजून एक, आपल्याकडे गाव म्हटलं की गल्ली, पार, चौक. तिथे तसं नाही, प्रत्येकाचं घर त्याच्या शेताजवळ, आपापल्या टेकडीवर, एका घरून दुसऱ्या घरी जायला कधी अर्धा तास लागतो. चालायची तयारी ठेव. पहिले दोन-तीन महिने आशाताई किंवा अंगणवाडीताईंच्या मागे मागे फिर, घरं तिथूनच उघडतात. सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण त्या पट्ट्यात बरंच आहे, कोणाच्या घरी आहे हे तुला कळलं तरी दुसऱ्या घरी बोलायचं नाही. मोबाईल खिशात ठेव, फोटो विचारल्याशिवाय अजिबात नको, लहान लेकरांचे तर नकोच.

भाषेचं म्हणशील तर तुझी अहिराणी बाजारात थोडीफार चालून जाईल, म्हाताऱ्या माणसांशी नाही चालणार. धडगावकडे पावरी जास्त, अक्कलकुवा-मोलगीकडे भिलोरी, तुझ्या पाड्यावर काय बोलतात ते आधी विचार आणि रोज पाच शब्द पोरांकडून शीक, ती फार प्रेमाने शिकवतात. भिलोरीत आईला याहा म्हणतात, याहामोगी त्यांची देवी, म्हणजे मोगीमाताच.

भोंगऱ्या बाजाराबद्दल तुला नंदुरबारपर्यंत कोणी ना कोणी सांगेलच की तिथे पोरं-पोरी पळून जायला येतात वगैरे. तसलं काही मनात धरून जाऊ नकोस. तो होळीआधीचा बाजार आहे, होळीचं सामान, कपडे, दागिने, साखरेचे हार-कंगण घ्यायचं, ढोल वाजतात, लांबलांबच्या नातेवाईकांची भेट होते. बाहेरच्यांनी रंगवलेल्या गोष्टींनी तिथल्या पोरींना त्रास झालाय आणि त्या ते बोलूनही दाखवतात.

मायला सांग की अमळनेरहून नंदुरबारला सरळ रेल्वे आहे, पुढे प्रकाशाला तापी ओलांडून शहादा, तिथून धडगाव, सकाळी निघालं तर उजेडात पोचता येतं. रेंजचं खरं आहे, खोटं सांगू नकोस, पाड्यावर नसेल तर बाजाराच्या दिवशी धडगावला येऊन फोन करायचा असं ठरवून टाक आणि तो दिवस चुकवू नकोस. आणि होळीला तिला बोलावूनच घे. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू बांधून रात्रभर नाच चालतो. येताना कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणायला सांग, तू ज्या घरी राहशील तिथल्या बाईला मायच्या हातची कळण्याची भाकरी खाऊ घाल.