आकाशाचे तीन तुकडे

"मॅडम, मन कशातच रमत नाही." हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून दोनदा तरी येतं. बोलणाऱ्याच्या घरात, नोकरीत बोट ठेवावं असं काही बिघडलेलं नसतं. छंदाचा विषय काढला की पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "ते ठीक आहे हो, पण त्याचा उपयोग काय?" माझ्या मते दुखणं या दुसऱ्या वाक्यात असतं. म्हणून ही एक हकिगत, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

त्या पन्नाशीच्या पुढच्या. उभी नोकरी हिशेबाच्या कामात गेलेली. भाचीने दिलेलं १००० तुकड्यांचं जिगसॉ पझल वर्षभर कपाटात पडून होतं. काढा ते बाहेर, मी म्हटलं.

"इच्छा तर व्हायला हवी ना!"

इच्छा झाली की हात लावू, असं आपण धरून चालतो. मी इतकी वर्षं उलटं होताना पाहत आले आहे. आधी हात लागतो, मग गोडी लागते. रोज पंधरा मिनिटं, एवढंच ठरलं.

पुढच्या भेटीला त्या वही घेऊन आल्या. चौकट लावून झाली होती. "३८ गुणिले २७, म्हणजे १०२६ तुकडे आहेत, आणि डब्यावर १०००! कडेचे १२६ गेले, राहिले ९००. रोज ३० लावले तर महिन्यात संपलंच पाहिजे." (१००० म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पझलमध्ये १०२६ च असतात.)

माझं लक्ष त्या "संपलंच"मधल्या ‘च’वर अडकलं. ‘झालंच पाहिजे’ असा हट्ट माणसाचा त्रास वाढवतो, असं सांगणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी घडण झाली आहे. कुणाच्याही बोलण्यातला असा ‘च’ मला आधी ऐकू येतो. तरी मी काही बोलले नाही. पझलच त्यांच्याशी बोलेल, याची मला खात्री होती.

तळं, होडी, काठावरची झाडं भराभर जुळली. मग आकाश आलं.

"दोन दिवसांत तीन तुकडे," त्या खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. "रिकामटेकड्यांचा उद्योग आहे हा."

"ते तीन कसे सापडले?"

"कसे म्हणजे... रंग बघून काही कळत नाही, सगळं निळं. मग आकार बघायला लागले. समोरासमोर फुगवटे असलेले वेगळे काढले. एकाचा फुगवटा जरा तिरका होता, मान वाकडी केल्यासारखा. त्याला तशीच तिरकी खाच हवी. आणि निळ्यातसुद्धा एका बाजूला पांढुरकी झाक होती, खिडकीशी नेऊन धरलं तरच दिसते. आधी दोन तुकडे दाबून बसवले होते, पण ते खोटे बसतात हो. खरा बसतो ना, तेव्हा जोर लावावा लागत नाही. डोळ्यांआधी बोटाला कळतं."

बोलताना त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर टेकला होता, अगदी अलगद. मी घड्याळ पाहिलं. एका तुकड्यावर त्या सात-आठ मिनिटं बोलत होत्या. मी त्यांना तेवढंच सांगितलं.

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण हे वहीत कुठे लिहायचं?"

"नका लिहू."

त्यांचा तो प्रश्न पुढे कितीतरी दिवस माझ्याबरोबर होता. आनंद त्यांना होत होता, त्या दोन्ही दिवशी झाला होता. वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता, म्हणून तो जमेत धरला गेला नाही. "मन रमत नाही" म्हणणाऱ्या माणसाला मी तेव्हापासून आधी विचारते, तुम्ही मोजता काय?

उपयोगाबद्दलही सांगते. जिगसॉ जन्मलं ते उपयोगासाठीच. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी लाकडावर नकाशे चिकटवून देशांच्या सीमांवरून कापायचे, मुलांना भूगोल शिकवण्यासाठी. पण १९३० च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेत घरोघरी पुठ्ठ्याची पझलं लावली गेली, ती काही भूगोलासाठी नव्हे. हातचं काम गेलेल्या माणसांनाही बोटाखाली काहीतरी बरोबर बसल्याची जाणीव हवी असते.

सुरुवात ३०० किंवा ५०० तुकड्यांनी करा. पझल एखाद्या फळीवर मांडा, म्हणजे उचलून बाजूला ठेवता येतं आणि आवरायच्या धास्तीने घाई होत नाही. फोन दुसऱ्या खोलीत. अडलं की उठा. परत आल्यावर तासभर न दिसलेला तुकडा समोर पडलेला असतो, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. आणि पझल किती वेळात संपतं हे घड्याळ लावून मोजू नका, हे मी कळकळीने सांगते. मात्र दोन आठवडे सलग कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर पझलवर विसंबू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, लवकर भेटा.

परवा त्यांचा फोन आला होता. पझल कुठवर आलं, मी विचारलं.

"ढगाची खालची कड चालू आहे," त्या म्हणाल्या.