जुनी लेन्स, सावली आणि मागचा उजेड

प्रश्न: हेलिओस ४४-२ ही जुनी लेन्स घेतली. हिची पार्श्वभूमी भिंगरीसारखी फिरते असं ऐकलं होतं, पण माझ्या फोटोत मागे नुसता धूसर पडदा दिसतो. लेन्स बिघडलेली आहे का?

उत्तर: नाही, बहुधा ठणठणीत आहे. फिरायला मागे ठिपके लागतात. ही सोव्हिएत लेन्स ५८ मिमी, एफ/२ च्या बायोटार या जर्मन लेन्सच्या रचनेवर बेतलेली. तिरक्या येणाऱ्या किरणांचा काही भाग लेन्सच्या कडेला अडतो. त्यामुळे मध्यावर गोल दिसणारा उजेडाचा ठिपका कोपऱ्याकडे बदामासारखा चपटा होतो. असे बदाम मध्याभोवती दाटले की चित्र फिरल्याचा भास होतो. मोकळं आकाश किंवा भिंत मागे असेल तर फिरणार काय? पानांच्या फटींतून आकाशाचे कवडसे दिसतील असं झाड मागे घ्या. फूल किंवा फांदी मीटरभर अंतरावर, झाड तिच्या बरंच मागे आणि अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र) पूर्ण, म्हणजे एफ/२ वर, उघडं ठेवा. छिद्र लहान केलं की, म्हणजे एफ/४ वर, ही मजा जवळजवळ संपते. एपीएस-सी कॅमेऱ्यात (त्याचा सेन्सर फुलफ्रेमपेक्षा लहान असतो) कोपरेच कापले जातात, तिथे परिणाम कमीच दिसणार.

प्रश्न: सूर्य समोर असला की फोटो धुरकट होतो, काळा रंग राखाडी पडतो. हूड (लेन्सपुढे सावली धरणारी कड) लावू का?

उत्तर: हूड जरूर घ्या, पण तो धुरकटपणा पूर्ण घालवू नका. मला या लेन्स आवडतात त्या त्याच्यासाठीच. कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. जुनं कोटिंग हे प्रमाण कमी करतं, पण आजच्या कोटिंगइतकं नाही. परतलेला प्रकाश आतच घुटमळतो आणि सावल्यांवर साय धरल्यासारखा पसरतो. सूर्य चौकटीच्या जेमतेम बाहेर किंवा खोडाआड ठेवा, मागे गर्द सावली घ्या, आणि लेन्सवर हाताची सावली धरून हात बोटभर सरकवत राहा. एका जागी गवताच्या पात्यावरचं दव चमकतं आणि मागची झाडी काळोखी राहते. तिथे थांबा. एक्स्पोजर एक स्टॉप कमी (म्हणजे निम्मा प्रकाश), फाइल रॉ (सेन्सरची मूळ माहिती जपणारी). जास्त उजेडाने पांढराफटक झालेला भाग परत आणता येत नाही. सावल्या मात्र नंतर बऱ्याच उजळता येतात.

प्रश्न: निकॉनच्या डीएसएलआरवर साध्या एम४२ (हेलिओसची आट्यांची जोडणी) अडॅप्टरने दूरचं काहीच स्पष्ट येत नाही.

उत्तर: येणारच नाही. एम४२ लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर हवं असतं, निकॉन एफ या जोडणीचं अंतर ४६.५ मिमी, म्हणजे लेन्स गरजेपेक्षा पुढे बसते. जवळच्या विषयांसाठी तो अडॅप्टर चालेल. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात हे अंतर कमी असतं, तिथे ही अडचण नाही.

प्रश्न: पूर्ण उघड्या अॅपर्चरवर दहातले आठ फोटो फोकसबाहेर जातात.

उत्तर: अर्ध्या मीटरवर फुलफ्रेमला एफ/२ वर फोकसची खोली जेमतेम ८ मिमी असते. श्वास घेतला तरी ती हुकते. रिंग एकदा लावून ठेवा, स्क्रीनवर चित्र मोठं करा आणि शरीर किंचित पुढेमागे झुलवत सलग चार-पाच फोटो घ्या. नेचाच्या कोवळ्या कोंबाची गुंडाळी टिपताना मी तिच्या कडेवरची लव पाहतो. लव उमटली की बटण दाबतो. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ/२ वर शटर १/६४०० च्या आसपास जातं. तुमचा कॅमेरा १/४००० लाच थांबत असेल तर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा, नाहीतर सावलीत या. मी सावलीतच जातो, मूड तिथेच असतो.