प्रयोगशाळेच्या कोनावर दिसणारे शिखर कुठून येते?

आपला प्रश्न असा आहे: आर्गॉन आणि नायट्रोजन यांचे झोत काटकोनात आदळवले आणि टकरीनंतर अणू वस्तुमान केंद्राभोवती सर्व दिशांना सारखेच विखुरतात असे गृहीत धरले, तरी आकडेमोडीत आर्गॉनच्या मूळ दिशेपासून सुमारे 105 अंशांवर शिखर का येते? ते शिखर टकरीचे नसून निव्वळ भूमितीचे आहे.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणारा साधा आलेख कागद घ्या आणि 1 सेंटिमीटरला सेकंदाला 100 मीटर असे प्रमाण धरून वेगांची आकृती हाताने काढा. हे काम संगणकावर सोपवू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. 300 केल्विनच्या सुपरसॉनिक झोतात (दाबाखालचा वायू बारीक छिद्रातून निर्वातात सोडून बनवलेल्या वेगवान झोतात) आर्गॉनचा वेग सेकंदाला सुमारे 560 मीटर आणि नायट्रोजनचा 790 मीटर असतो. यावरून वस्तुमान केंद्राचा वेग सुमारे 463 मीटर येतो आणि त्याची दिशा जवळजवळ 45 अंशांची असते. टक्कर स्थितिस्थापक असेल, म्हणजे तीत गतिज ऊर्जा घटत नसेल, तर या केंद्राच्या सापेक्ष आर्गॉनचा वेग 399 मीटरच राहतो. म्हणून केंद्राच्या सदिशाच्या टोकाभोवती 4 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. मूळबिंदू वर्तुळाबाहेर राहतो, त्यामुळे 45 अंशांच्या दोन्ही बाजूंना सुमारे 60 अंशांपलीकडे आर्गॉन जाऊच शकत नाही. मूळबिंदूतून काढलेली स्पर्शिका हीच ती सीमा असून, तिच्याजवळ वर्तुळाचा मोठा कंस डिटेक्टरच्या अगदी लहान कोनात मावतो. झोतांच्या वेगांत थोडीफार तफावत असल्याने प्रत्यक्षात शिखर बोथट होते, पण नाहीसे होत नाही.

आता डिटेक्टर 45 अंशांवर आणा. तेथे ही दिशा वर्तुळाला दोनदा छेदते, म्हणून 463 मध्ये 399 मिळवून आणि वजा करून सेकंदाला 862 आणि 64 मीटर असे दोन वेग सापडतात. वेगाच्या वर्गामुळे त्यांच्या प्रवाहांचे गुणोत्तर सुमारे 180 येते; परंतु इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने आयन बनवणारा डिटेक्टर प्रवाह नव्हे, तर घनता मोजतो. मंद अणू त्यात अधिक काळ रेंगाळतात आणि गुणोत्तर 13 च्या आसपास उतरते. ही दुरुस्ती सहज राहून जाऊ शकते.

रसायनशास्त्रज्ञ डडली हर्षबाख आणि युआन ली यांना ज्या कामासाठी 1986 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यातही पोटॅशियम आणि मिथाइल आयोडाइड यांच्या टकरीतून बनणारे पोटॅशियम आयोडाइड उलट दिशेने फेकले जाते, हा निष्कर्ष प्रयोगशाळेतील कोनांचे वस्तुमान केंद्राच्या चौकटीत अशाच पद्धतीने रूपांतर केल्यावर हाती आला. गोंगाट असलेल्या मोजणीतून उलटे गणित करण्यापेक्षा केंद्राच्या चौकटीत एक वितरण गृहीत धरावे, त्यावर झोतांची व डिटेक्टरची तफावत चढवावी आणि मगच ते मोजणीशी ताडून पाहावे. केवळ कोनांवर न थांबता उड्डाणकाळही तपासा: 30 सेंटिमीटरच्या मार्गावर वेगवान गट सुमारे 0.35 मिलिसेकंदात पोहोचतो, तर मंद गटाला 4.7 मिलिसेकंद लागतात, आणि दोन्ही गट स्वच्छ वेगळे दिसतात.